एका अंगणात दोन वर्ग: वस्तीवर आई-मुलांचा वाचनवर्ग कसा चालवायचा

प्रौढांचा वर्ग मोडतो तो बहुतेक वेळा मुलांपायी. आई पाटी घेऊन निघाली की धाकटं पदराला धरतं, थोरलं म्हणतं मी पण येतो, आणि चौथ्या दिवशी ती घरीच राहते. मुलांचे वर्ग वेगळ्या कारणाने लंगडतात: तासभर शिकलेलं मूल ज्या घरात जातं तिथे वाचायला काही नसतं आणि ऐकायलाही कुणी नसतं. दोन्हींवर एकच सोपा इलाज आहे. दोन्ही वर्ग एकाच वेळी, एकाच जागी भरवायचे, शिकवायचं वेगवेगळं आणि शेवटची वीस मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवायचं. तीस-चाळीस उंबऱ्यांची वस्ती, साधारण वीस मोठी माणसं, पंधरा-वीस मुलं आणि तीन-चार स्वयंसेवक एवढा पसारा डोळ्यांपुढे ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी घरोघर

पहिला आठवडा फिरण्यात जातो आणि तो जाऊ द्यावा. दारात उभं राहून "तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" असं विचारू नका. या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. सही करता येणारी बाई "येतं" म्हणते, चौथीपर्यंत शिकून सगळं विसरलेला माणूसही "येतं" म्हणतो, आणि सुनेसमोर सासू काहीच बोलत नाही. जनगणनेची व्याख्या सात वर्षांवरच्या कुणालाही कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता आलं पाहिजे अशी आहे. पण प्रगणक दारात चाचणी घेत नाही, सांगितलेलं लिहून घेतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के आणि बायकांची ७५.९ टक्के भरली. त्या आकड्यांच्या आत किती अर्धवट वाचणारी माणसं आहेत ते तुमच्या वहीतच कळेल.

म्हणून हातात लाइट बिल किंवा गोळ्यांची पट्टी घेऊन जा. गप्पांच्या ओघात विचारा, "यातली तारीख कुठं आहे बघा बरं." माणूस बिल कसं धरतो, लांब नेतो का, नजर कुठे फिरते, यावरून निम्मं समजतं. वहीत घरागणिक एवढंच लिहा: नाव, वय, घरात बोलतात ती भाषा, कामाला जाण्या-येण्याची वेळ, वर्षातून किती महिने गावाबाहेर असतात, घरात सहा ते चौदा वयाची मुलं किती, आणि त्या व्यक्तीला नेमकं काय वाचायचं आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. कुणाला बँकेची पैसे काढायची स्लिप भरायची असते, कुणाला एसटीची पाटी वाचायची असते, कुणाला फोनमध्ये लेकीचं नाव शोधायचं असतं. "ज्ञान मिळवायचंय" असं कुणी म्हणत नाही.

वेळ बायका ठरवतील

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेची वेळ दुपारी दोन ते चार अशी होती, कारण तोपर्यंत घरचं-रानचं काम उरकलेलं असतं. तिथल्या आजींच्या गुलाबी लुगड्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. वर्ग चालवणाऱ्याने मात्र त्यातली वेळ उचलावी. मजुरीला जाणाऱ्या बायकांना दुपार जमत नाही, त्यांना रात्री साडेआठनंतरची वेळ लागते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली तीही रात्रीचीच. शाळेतली मुलं मात्र रात्री पेंगतात, म्हणून दोन्ही वर्ग एकत्र ठेवायचे तर संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ सगळ्यात कमी भांडणाची. स्वयंपाक आधी किंवा नंतर, हे घरोघर विचारूनच ठरवा.

पंचांगाइतकंच शेतीचं वेळापत्रकही भिंतीवर लावा. कोकणात भातलावणीचे तीन आठवडे वर्ग चालत नाही. विदर्भात कापसाची वेचणी सुरू झाली की बायका अंधार पडल्यावरच घरी येतात. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची वस्ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला रिकामी होते ती उन्हाळ्यात भरते. तिथे जूनमध्ये सुरू करून डिसेंबरात संपवण्याचा आराखडा आखणं म्हणजे अर्धा वर्ग फडावर पाठवणं. अशा वस्तीवर मे ते सप्टेंबर हाच हंगाम धरा आणि आठवड्याला पाचाऐवजी सहा दिवस बसा. सुट्ट्या आधी जाहीर केल्या तर माणसं परत येतात. न सांगता पडलेला खंड मात्र भरून निघत नाही.

जागेबद्दल एकच गोष्ट तपासा: तिथे कोण येणार नाही? देवळाचा सभामंडप मोठा असतो, पंखाही असतो, पण वस्तीतली काही घरं तिथे पाय ठेवत नाहीत, किंवा त्यांना ठेवू दिला जात नाही. पुढाऱ्याच्या ओसरीवर विरोधी भावकी येत नाही. समाजमंदिर, शाळेची खोली किंवा अंगणवाडी बरी. अंगणवाडीत बसणार असाल तर सेविकाताईंना आधी विचारा आणि रोज झाडून द्या. उजेड डोक्यावरून किंवा डाव्या बाजूने पडला पाहिजे, मागून पडला तर स्वतःची सावली पाटीवर येते. चार्जिंगचे दोन दिवे हवेतच. वयस्क बायकांचे गुडघे दुखतात, त्यांना भिंतीला टेकून, पाटावर किंवा बाकावर बसू द्या.

चष्मा, मग अक्षर

हे वेगळं लिहायचं कारण, बरेचसे "डोक्यात शिरत नाही" वाले शिकणारे मुळात नीट बघू शकत नसतात. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं. शेतात, चुलीपाशी ते जाणवत नाही, पुस्तकात जाणवतं. पहिल्या आठवड्यातच चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या हातात मोठ्या अक्षरांचा कागद द्या आणि तो डोळ्यांपासून साधारण हातभर अंतरावर धरायला सांगा. हात लांब जात असेल, कपाळाला आठ्या पडत असतील तर त्यांना तपासणीला पाठवा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणीचा वार ठरलेला असतो, तो विचारून सगळ्यांना एका गाडीने न्या. मोतीबिंदू निघाला तर तोही तिथेच कळतो. साधारण एक ते तीन नंबरापर्यंतचे वाचनाचे चष्मे बहुतेकांना पुरतात, पण नंबर तपासून घ्यावा, अंदाजाने वाटू नये. प्रौढांसाठी छापायचा मजकूर १८ ते २० पॉइंटचा ठेवा. आजींना मुलांच्या पुस्तकातलीच मोठी अक्षरं आवडतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कुणाला कुठे बसवायचं

मुलांची वाटणी इयत्तेवर करू नका. पाचवीत बसणारं मूल शब्दावर अडलेलं असू शकतं आणि दुसरीतलं गोष्ट वाचत असतं. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे बघणाऱ्या, २००५ पासून गावोगाव होणाऱ्या 'असर' पाहणीत वापरतात ती पद्धत इथे पुरेशी आहे. एका पानावर अक्षरं, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सहज वाचला तर गोष्ट द्यायची, अडखळला तर शब्दांवर उतरायचं. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर, नाहीतर अक्षरांवर. एका मुलाला तीन ते पाच मिनिटं, इतरांपासून दूर, आणि चुकलं तरी चेहरा सरळ ठेवून. मग तीन गट पडतात: अक्षराखालची आणि अक्षरवाली मुलं, शब्दवाली, आणि परिच्छेदाच्या पुढची. दर महिन्याला पुन्हा तपासा आणि गट बदला. एकदा पडलेला गट वर्षभर तसाच ठेवला तर तो शाळेतल्या "ढ" बाकासारखा होतो.

मोठ्यांना परिच्छेद देऊन सुरुवात करू नका, पहिल्याच दिवशी हरल्यासारखं होतं. त्यांना स्वतःचं नाव, गावाचं नाव, नोटा, फोनवरचे आकडे विचारा. तीन प्रकारची माणसं दिसतील: काहीच न येणारी, अक्षरं ओळखणारी पण जोडता न येणारी, आणि वाचून विसरलेली. तिसऱ्या प्रकारची माणसं दोन महिन्यांत सुटतात. त्यांना पहिल्या गटाबरोबर "क कमळाचा" करायला बसवलं तर ती उठून जातात, आणि बरोबरच करतात.

अक्षरांचा क्रम

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. क, ख, ग, घ पासून ज्ञ पर्यंत आणि मग बाराखडी, या वाटेने गेलं तर दोन महिने अक्षरं होतात आणि वाचायला एक वाक्य मिळत नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईला पहिल्या आठवड्यात एक तरी खरं वाक्य वाचता आलं पाहिजे. म्हणून चार-पाच अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह असे गट करायचे. दिसायला वेगळी, वारंवार येणारी आणि आपसात पुष्कळ शब्द देणारी अक्षरं आधी.

पहिला गट क, म, र, न, ल आणि काना. यातून काम, कान, नाक, मान, लाल, माल, मामा, काका, नाना मिळतात, आणि "काका, काम करा" हे वाक्य चौथ्या दिवशी वाचता येतं. दुसरा गट स, त, ब, ग आणि दीर्घ वेलांटी. आता सात, बस, ताक, बकरी, काकी, मी, ती. "मी ताक करीन." "नगरला बस लागली." दुसरं वाक्य वाचून झालं की फळ्यावर एसटीच्या पाटीसारखी चौकट काढा. तिसरा गट द, प, च, ह, एक मात्रा आणि पहिला उकार: दही, पाच, दहा, दुपार, चहा. "मला चहा दे." चौथ्यात व, ट, श, ळ, दुसरा उकार आणि काना-मात्रा: शाळा, वीट, चूल, पोळी, शेळी, गोळी, वेळ. "दुपारी गोळी" इथवर आलेला माणूस औषधाच्या चिठ्ठीकडे वळून बघायला लागतो.

क्रमामागची कारणं माहीत असली की तुम्ही स्वतःचे गट बांधू शकता. म आणि भ, ब आणि व, घ आणि ध, थ आणि य, ट आणि ठ या जोड्या एका गटात आणायच्या नाहीत. एक पक्कं झाल्यावर दोन गटांनी दुसरं. दीर्घ वेलांटी ऱ्हस्वाच्या आधी, कारण मराठी शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दीर्घच येते, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते. त्यात मुलं आणि मोठी दोघंही फसतात. ख नीट जोडून काढला नाही तर "रव" असा वाचला जातो. मोबाइलवर आणि बऱ्याच पाट्यांवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, मराठी पुस्तकात वेगळे. दोन्ही रूपं कार्डाच्या दोन बाजूंना लिहून ठेवा.

गटाला आठ-दहा दिवस लागतात. जोडाक्षरं शेवटी, पण नावांची वाट बघायची नाही. लक्ष्मी नावाच्या बाईला "क्ष्म" शिकेपर्यंत स्वतःच्या नावासाठी थांबवणं क्रूरपणा आहे. प्रत्येकाचं नाव पहिल्याच दिवशी चित्रासारखं, पुठ्ठ्यावर लिहून द्या. 'आई', 'आहे', 'नाही', 'आणि' हे चार शब्दही तसेच, आख्खे. जोडाक्षरांत सगळ्यात घोळ र चा. वर जाणारा रफार (कर्ज, वर्ष), पोटातली तिरकी रेघ (ग्राम, प्रत), ट खालचा काकपद (राष्ट्र) आणि ऱ्या मधला (शेतकऱ्याला) ही एकाच अक्षराची चार रूपं आहेत. ती चार वेगळ्या दिवशी शिकवा आणि प्रत्येकाबरोबर एक खरा कागद द्या: कर्जाची पावती, ग्रामपंचायतीची घरपट्टी, आणि 'महाराष्ट्र शासन' छापलेला कुठलाही फॉर्म.

घरची भाषा वेगळी असेल तिथे हे गट जसेच्या तसे चालत नाहीत. मराठीत च, ज, झ चे दोन उच्चार आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण लिहायचा एकच. मराठी बोलणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असतो, म्हणून तो अडत नाही. पावरी, कोरकू, गोंडी बोलणारं मूल इथेच अडतं आणि आपण त्याला कच्चं समजतो. तिथे पहिल्या दोन गटांचे शब्द त्यांच्या भाषेतून निवडा, लिपी देवनागरीच, आणि ती भाषा बोलणारी एक तरी मुलगी स्वयंसेवक म्हणून हवीच.

नव्वद मिनिटं

पहिली दहा मिनिटं कालचा शब्द आणि आजची खबर. आजची खबर म्हणजे कुणी एक वाक्य सांगायचं ("बंडूच्या गाईला गोऱ्हा झाला"), ते तुम्ही फळ्यावर लिहायचं, आणि त्यात येत असलेली अक्षरं त्यांनी शोधायची. मग पंचवीस मिनिटं नवीन अक्षर-शब्द, पंधरा मिनिटं लेखन, वीस मिनिटं आकडे, उरलेली वीस एकत्र. मुलांच्या बाजूलाही हेच, फक्त आकड्यांआधी पाच मिनिटांचा उड्या मारायचा खेळ घाला.

लेखनात एक चोर आहे. फळ्यावरचं वाक्य बघून सुबक उतरवणारी बाई तीन महिने "छान लिहिते" आणि मग कळतं की तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. ती चित्र काढत होती. म्हणून रोज तीन शब्द फळा पुसून सांगायचे आणि लिहायला लावायचे. मुलांमध्ये हाच चोर पाठांतराच्या रूपात येतो. धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारा, किंवा शेवटच्या ओळीपासून सुरू करायला सांगा.

मोठ्यांचा हात पेन्सिलीला सरावलेला नसतो. खुरप्याची पकड घट्ट असते, तीच पाटीवर येते आणि पेन्सिल मोडते. पहिले दोन आठवडे पाटी, जाड पाटीपेन्सिल आणि मोठी अक्षरं. मग दुरेघी वही. चौरेघी इंग्रजीसाठी असते, ती घेऊ नका.

आकडे: इथे त्यांना येतं

बाजार करणाऱ्या बाईला हिशेब येतो. तिला खुणा येत नाहीत. तेव्हा एक-दोन मोजायला लावू नका, नोटा पुढे ठेवा. दहा, वीस, पन्नास, शंभर. नव्या नोटेवर देवनागरी आकडाही असतो आणि इंग्रजीही, हे पुष्कळांच्या लक्षातच आलेलं नसतं. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांचा पट्टा असतो, त्यात मराठी 'शंभर रुपये' शोधायला लावा. अक्षरं बारीक असतात, म्हणून चष्मा नसलेल्याला हे काम देऊ नका. एसटीच्या पाटीवर '४' असतो आणि फोनवर इंग्रजी चार, त्यामुळे दोन्ही अंक पहिल्यापासून शेजारी-शेजारी. ४ आणि ५, ६ आणि ९ यांची अदलाबदल फार होते.

मोठी अडचण दोन अंकी संख्यांची. मराठीत आपण 'त्रेपन्न' म्हणतो, तीन आधी ऐकू येतो, आणि माणूस लिहितो ३५. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारेही भेटतात, कारण 'तीस' ऐकू येतं आणि 'नऊ' कळतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवा, पण वर्गात ती पद्धत उपयोगी पडते. आई म्हणते 'त्रेपन्न', लेक म्हणते 'पन्नास तीन', दोघी मिळून लिहितात ५३. नोटांनी हे पक्कं होतं: पन्नासची एक नोट डावीकडे, तीन सुटी नाणी उजवीकडे.

बेरीज-वजाबाकी तोंडी येतेच. कागदावर हातचा शिकवताना सुट्या पैशांचीच भाषा वापरा: दहाची नोट मोडली, दहा नाणी झाली. पुढे लाइट बिल, रेशनचा हिशेब, बचत गटाचं पासबुक, रोजगार हमीच्या जॉब कार्डावरचे दिवस, एवढ्यावर दोन महिने सहज निघतात.

शेवटची वीस मिनिटं

प्रत्येक आई किंवा आजी आपल्या मुलाशेजारी बसते. ज्यांचं मूल नाही त्यांना शेजारचं. इथे एक नियम काटेकोर पाळा: मुलाने आईला शिकवायचं नाही. चौथीतली पोर आईवर खेकसते, "अगं एवढंही येत नाही?", आणि आई दुसऱ्या दिवशी येत नाही. मुलाने वाचायचं, आईने ऐकायचं आणि "मग पुढं काय झालं?" विचारायचं. किंवा उलट: आईने सांगायचं आणि मुलाने लिहायचं.

दुसरा प्रकार मोलाचा आहे. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, भाजीची कृती, माहेरच्या गावाची वाट असं काहीही आई सांगते, मूल दोन-तीन ओळी लिहून घेतं, मग तोच कागद आई वाचते. शब्द तिचेच असल्यामुळे तिला पुढे काय येणार ते माहीत असतं, डोळा अक्षरावर फिरतो आणि अडलं तरी वाक्य तिला पुढे ओढतं. अक्षरं अर्धीच येत असतानाही हे वाचन होतं. ओव्यांना तोटा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहातच लाखावर ओव्या गोळा झाल्या आहेत. उखाण्याची आणखी एक गंमत: नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी आजी ते पाटीवर मात्र लिहिते, आणि सगळ्यात आधी पाठ होणारा शब्द बहुधा तोच असतो.

सहा वर्षांखालच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावू नका. त्यांना चित्रांचं पुस्तक आणि कुणाची तरी मांडी द्या. वाचता न येणारी आजीसुद्धा चित्रावरून गोष्ट सांगू शकते. पुस्तक उलटं धरत नाहीत, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, हे मूल तिथेच शिकतं.

सामान आणि माणसं

वीस मोठे आणि वीस मुलं धरून: पाट्या ४५, पाटीपेन्सिलीचे १० डबे, दोन फूट बाय तीन फुटांचे फळे तीन (मुलांचा एक, मोठ्यांचे दोन), दुरेघी वह्या माणशी दोन, अक्षरकार्डांचे चार संच, बाजारात चालणाऱ्या नोटांच्या रंगीत प्रती मोठ्या आकारात आणि फक्त एका बाजूने छापलेल्या, सतरंज्या चार, आणि गोष्टींची ६० तरी पुस्तकं. पुस्तकांपैकी निम्मी अशी असावीत की पानावर एक-दोनच ओळी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत मिळतात, त्या छापूनही घेता येतात. पुस्तकं पेटीत कुलूप लावून ठेवली तर ती नवी राहतात आणि वर्ग कोरा राहतो. घरी नेऊ द्या. नोंदवही मुलांनीच ठेवावी. दहातलं एखादं पुस्तक हरवणार किंवा वासरू खाणार, ते खर्चात धरा.

मोठ्यांच्या आठ-दहा जणांमागे एक स्वयंसेवक. दहावी-बारावी झालेल्या सुना आणि मुली सगळ्यात टिकतात, कारण त्या वस्तीतच असतात. सुरुवातीला तीन दिवस प्रशिक्षण आणि नंतर दर शनिवारी तासभर बसून पुढच्या आठवड्याचे शब्द ठरवायचे. शिकायला येणाऱ्यांना मावशी, आजी, काकू, नाना अशीच हाक मारा. 'निरक्षर' हा शब्द अर्जावर ठीक आहे, वर्गात नको. 'अंगठाबहाद्दर' गमतीतसुद्धा नको.

पुरुष या वर्गात फारसे येत नाहीत. बायकोसमोर अडखळायला त्यांची तयारी नसते. रात्री नऊनंतर, पारावर किंवा दुकानामागे, आठवड्यातून तीन दिवस त्यांचा वेगळा गट ठेवा आणि विषय लर्निंग लायसन्सच्या परीक्षेचा घ्या: रस्त्यावरच्या पाट्या, अंतरं, नियम. पुस्तक नको म्हणणारा माणूस लायसन्ससाठी वाचतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर येते. सुरुवातीचा उत्साह तोवर ओसरलेला असतो आणि अजून काही ठळक जमलेलं नसतं. त्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन बँकेत जा आणि प्रत्येकीला स्वतः स्लिपवर नाव व रक्कम लिहू द्या. बँकेच्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि गर्दीचा सोमवार टाळा. गळालेल्यांच्या घरी स्वयंसेवकाने तिसऱ्या दिवशी जावं. "का नाही आलात?" विचारू नये, "उद्या तुमच्याकडून उखाणा लिहून घ्यायचाय" म्हणावं.

परीक्षा आणि नंतर

केंद्राच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांवरच्या शिकणाऱ्यांची नोंद जवळच्या शाळेमार्फत होते. त्यांची पायाभूत चाचणी १५० गुणांची असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ ला ती मोठ्या प्रमाणावर झाली. नोंद करताना नावाचं स्पेलिंग आणि आडनाव आधार कार्डाप्रमाणेच ठेवा. माहेरचं की सासरचं हा गोंधळ प्रमाणपत्रावर उतरला की निस्तरायला महिने जातात. परीक्षेआधी दोनदा सराव घ्या, पण छापील प्रश्नपत्रिकेवर, कारण जोड्या लावा आणि चौकटीत लिहा हे प्रकार त्यांनी कधी पाहिलेलेच नसतात. दीडशे ते दोनशे तास बसलेला माणूस सहसा पास होतो. आठवड्याला साडेसात तास धरले तर हे पाच-सहा महिन्यांचं काम आहे.

पास झालेल्यांचा वर्ग त्याच दिवशी बंद केला तर सहा महिन्यांत निम्मं पुसलं जातं. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकच दिवस ठेवा. बचत गटाची नोंदवही आळीपाळीने प्रत्येकीकडे द्या, बैठकीचा वृत्तांत चार ओळींचा का होईना तिने लिहावा. समाजमंदिराच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं भित्तिपत्रक लावा: कुणाकडे शेणखत विकायला आहे, लसीकरण कोणत्या वारी, पाण्याचा टँकर किती वाजता. ते मोठ्या अक्षरांत, बायकांच्याच हाताने, दर सोमवारी बदललं पाहिजे. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांना राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी मोकळी आहे. त्या अर्जाला वयाचा पुरावा आणि फोटो लागतात, तेव्हा ते कागद परीक्षेच्या निकालाची वाट न बघता गोळा करायला घ्या.